बिनदारांची गल्ली

कोकिळाने पहारीचे टोक दाराखाली घातले, पदर कमरेला खोचला आणि सगळा भार पहारीवर टाकला. दार बोटभर वर उचलले गेले, बिजागरीत कुरकुरले आणि पुन्हा खाली बसले. बापाने हौसेने बसवलेले सागवानी दार ते, पहिल्याच झटक्यात कोणाचे ऐकणाऱ्यातले नव्हते. तिने पदराने मानेवरचा घाम पुसला आणि परत पहार धरली.

शेजारचा जितेंद्र ट्रॅक्टर लिंबाखाली लावून घराकडे निघाला होता. तो ओट्यापाशी थबकला.

"अक्का, हाई काय चालनं?"

"दार काढी ऱ्हायनू."

"ते माले दिखस. पन कसाले?"

"आखाजी जोडे उनी. अळशीनं तेल पाजनं शे."

जितेंद्रने दाराकडे पाहिले. अक्षय्य तृतीया जवळ आली होती हे खरे, पण दार चांगले घट्टमुट्ट होते, त्याला तेलाची काही तहान दिसत नव्हती. मग त्याने ओट्याच्या टोकाला उभ्या असलेल्या सुपडूकडे पाहिले. सुपडू कोकिळाचा धाकटा भाऊ. बहीण दाराशी झटत होती आणि तो वाटेत नको म्हणून बाजूला होऊन, दोन्ही हात मांड्यांना लावून, सरळ उभा होता.  जितेंद्रने कोकिळाच्या हातातली पहार घेतली.

"सरक, अक्का. पायवर पडी तुन्हा."

दोन हिसक्यांत दार निघाले. जितेंद्रने ते डोक्यावर घेतले आणि ट्रॉलीत नेऊन टाकले.

सुपडू होळीनंतर घरी आला होता, अकरा वर्षांनी. केळीच्या ठेकेदाराचा खून झाला त्या दिवशी तो घरातच तापाने फणफणत पडला होता. खुद्द कोकिळाने त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. पण सख्ख्या बहिणीच्या साक्षीला कोण विचारतो? कोर्टाने भलत्याचीच साक्ष खरी धरली. पुढे कधीतरी वरचे कोर्ट म्हणाले, हा माणूस निर्दोष आहे, सोडा याला. सोडला. मधल्या काळात आई झुंबरबाई वाट बघून बघून गेली. कोकिळानंतरची दोन लेकरे हाती लागली नव्हती, म्हणून तिने या पोराला जन्मताच सुपात घालून अंगणभर ओढले होते आणि नाव सुपडू ठेवले होते. यमाला वाटावे, हा केरकचरा आहे, याला कशाला न्यायचे. यमाने खरेच नेला नाही. सरकारने नेला.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी कोकिळा उठली, तर तो कपडे नीटनेटके करून लोटलेल्या दाराच्या आत उभा होता. तिला वाटले, कसला तरी विचार करत असेल. तिने दार उघडले तसा तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तेच. बाहेरून आला आणि दार लोटलेले असले, की बाहेर उभा. हाक नाही, थाप नाही. कोणी उघडेपर्यंत तसाच. कोकिळाच्या हळूहळू ध्यानात आले, की इतकी वर्षे या माणसाने एकही दार आपल्या हाताने उघडलेले नाही. दुसरेच कोणी येऊन उघडायचे आणि दुसरेच लावायचे. त्याच्या हातातून ती गोष्टच निघून गेली होती.

तरी तिने धीर धरला होता. सवय आहे, जाईल, असे ती स्वतःला सांगत होती. पण परवा ती शेजारच्या सुनंदाबाईच्या घराच्या धाब्यावर, सपाट मातीच्या छतावर, ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या थापायला गेली आणि गप्पांत दुपार कलली. परत आली तर सुपडू दारासमोर, चैत्राच्या उन्हात, अनवाणी. ओट्याची फरशी तव्यासारखी तापलेली.

"कव्हयना उभा शेस रे?"

"जरासा येळ हुयना," तो म्हणाला.

त्याच्या तळव्यांना फोड आले होते. कोकिळाने घमेल्यात पाणी ओतून त्याचे पाय त्यात ठेवले आणि पाठमोरी होऊन रडली. दाराला कडीसुद्धा लावलेली नव्हती. बोट लावले असते तरी उघडले असते. मग तिने माळ्यावरची पहार शोधून काढली.

इथवर एका बहिणीची माया झाली. पुढे जे घडले ते मात्र कोणी ठरवून केले नव्हते. जितेंद्र घरी गेला, त्याच्या मनात काय आले कोण जाणे, त्याने आपलेही दार काढले. बायकोने विचारले तर म्हणाला, वाळवी लागली. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईचे दार निघाले. ते म्हणे फार दिवसांपासून अडकत होते. पलीकडच्या बेबाबाईने तर कारण शोधायचे कष्टही घेतले नाहीत. ती म्हणाली, "मन्ही मर्जी." बैठक नाही, चर्चा नाही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी नळाला पाणी आले तरी निरोपांचा पाऊस पडतो, तिथे या बाबतीत एक अक्षर उमटले नाही. आठवडाभरातच, एक घर सोडून, दोन्ही बाजूंच्या घरांची दारे जितेंद्रच्या खळ्यात एकावर एक निजली होती. तेल कोणत्याच दाराला कोणी पाजले नाही.

मग गल्लीत निराळेच दिवस सुरू झाले. वारा एका घरात शिरायचा आणि परसातून निघून दुसऱ्याच्या माजघरात जायचा. जितेंद्रकडे लसणाची फोडणी पडली की ठसका बेबाबाईला लागायचा. दुपारी सगळी निजली म्हणजे घरांच्या आरपार दिसायचे: ओसरी, चूल, परसातला शेवगा, त्याच्यापलीकडे नांगरून ठेवलेले काळे रान आणि रानावर थरथरणारे ऊन. बघता बघता डोळ्यांवर झापड यायची आणि आपण कुणाच्या घरात बसलो आहोत याचाच विसर पडायचा. कोणी झोपेत बरळले तर शेजारचा झोपेतच त्याला उत्तर द्यायचा, आणि सकाळी दोघांनाही काही आठवायचे नाही. सुनंदाबाईची शेळी एकदा बेबाबाईच्या घरात शिरली, वाळलेल्या बिबड्या फस्त केल्या आणि मागल्या बाजूने चालती झाली. बेबाबाई काठी घेऊन उठली, कोणत्या घरात शोधावे ते तिला कळेना, शेवटी काठी उशाशी घेऊन ती पुन्हा निजली. चोराचिलटाची धास्ती वाटत नव्हती असे नाही. बायका मंगळसूत्र तेवढे गळ्यात ठेवून बाकीचे दागिने कमरेला बांधून झोपत होत्या. पण दार परत बसवा, असे एकीनेही म्हटले नाही.

आणि या सगळ्यातून सुपडू चालत होता. आधी घरातून ओट्यावर आणि ओट्यावरून घरात. मग हळूच सुनंदाबाईच्या ओसरीत, तिच्या परसातून बेबाबाईकडे, तिथून जितेंद्रच्या माजघरात. कोणी "ये" म्हणायचे नाही, कोणी "कुठे निघालास" विचारायचे नाही. बेबाबाई पापडाच्या पिठाचा तेल लावलेला गोळा गुपचूप त्याच्या हातावर ठेवायची. कधी तो कोणाच्या बाजेवर टेकायचा आणि तिथेच झोपून जायचा. मग ती घरची माणसे कुजबुजत जेवायची आणि भांड्याला भांडे लागू द्यायची नाहीत. त्याच्या गालांवर थोडे मांस दिसू लागले. एकदा तर तो परसात उभा राहून, कोणी नाही असे बघून, काहीतरी गुणगुणत होता.

कोकिळाचे मन मात्र भरत नव्हते. दारच नाही म्हणून तो जातो येतो, यात काय विशेष? दारे आज ना उद्या बसणारच होती. लोक किती दिवस उघड्यावर राहतील? आणि गल्लीतली काढली म्हणून जगातली दारे थोडीच निघणार होती? तिला एकच पाहायचे होते: आपल्या भावाने आपल्या हाताने एक दार उघडलेले. एकदाच. मग तिला कसली काळजी नव्हती. म्हणून तिने एक युक्ती केली. चौकटीला आईचे जुने लुगडे पडद्यासारखे अडकवले, फुंकर घातली तरी हलेल असे विरलेले जुनेर. सुपडू बाहेरून आला. लुगड्यासमोर थांबला, हात मांड्यांना लावले आणि उभा राहिला. वाऱ्याने लुगडे त्याच्या तोंडावर आपटत होते, पण त्याने ते बाजूला सारले नाही. कोकिळाने धावत जाऊन ते ओढून काढले. त्या दिवशी तिला घास गेला नाही.

गल्लीत एकच दार जागेवर होते. कोकिळाच्या घराच्या तिरपे समोर, प्रेमराजचे. कोर्टात उभे राहून "सुपडूला मी कोयता घेऊन पळताना पाहिले" असे सांगणारा तो हाच. तेव्हा विशीतला पोरगा होता. चौकशीला नेऊन त्याला बेदम मारले, मग तो शिकवले तसे बोलला, असे लोक सांगत. त्याच्या डाव्या कानाला तेव्हापासून ऐकू येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होते. कोकिळालाही माहीत होते. पण तिने आईला वाट बघत झिजताना पाहिले होते, आणि एका कानाने तिची भरपाई होत नाही, असे तिचे सरळ म्हणणे होते.

सुपडू परतल्यापासून प्रेमराज कोणाच्या दृष्टीला पडला नव्हता. त्याची बायको सारिका सकाळी मजुरीला निघताना दाराला बाहेरून कडी घालायची आणि संध्याकाळी येऊन काढायची. बघणाऱ्याला वाटावे, घरात कोणी नाही. पण दारे नसलेल्या गल्लीत काय लपून राहते? दिवसभर आतून खोकला ऐकू यायचा. तोच म्हणतो कडी घाल, असे सारिकाने सुनंदाबाईपाशी डोळ्याला पदर लावून सांगितले होते. सुपडूसमोर जायला त्याचे पाय धजत नव्हते.

"ऱ्हाऊ दे तठेच," कोकिळा सुनंदाबाईला म्हणाली. "त्याले बी समजू दे कोंडी ऱ्हानं काय ऱ्हास ते."

आणि हे बोलून तिला मनापासून बरे वाटले.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी दोघे भाऊबहीण ओट्यावर बसले होते. कोकिळा पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडत होती. समोरून खोकल्याची उबळ आली आणि कोणीतरी तोंडावर हात दाबावा तशी थांबली.

"अक्का, त्या घरमा कोन शे?"

"कोनी नही."

"मंग खोकस कोन?"

कोकिळाने डाळीतला खडा उचलून लांब फेकला. "त्याना घरनी गोठ शे. आपले काय करनं?"

 गल्लीत अंधारून येत होते. एकेका घरात दिवा लागत होता आणि चौकटींमधून पिवळे चौकोन बाहेर धुळीत पडत होते.

"अक्का," तो म्हणाला, "समदास्ना दारे एकच आठवडामा खराब हुयनात का?"

कोकिळाने दचकून वर पाहिले. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होते, जेमतेम ओळखू येईल इतके. तिला हसू फुटले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आले. ते तिने डाळीच्या हातांनीच पुसले. 

आखाजीच्या दुपारी गल्ली रिकामी झाली. माहेरी आलेल्या लेकीबाळी गावाबाहेरच्या लिंबाला बांधलेल्या झोक्यांवर गेल्या, पुरुष पारावर पत्ते कुटत बसले. सारिकासुद्धा कडी घालून घटकाभर झोके बघायला गेली. कोकिळाने सकाळीच आईच्या नावाची नवी घागर भरून पुजली होती, तिच्यावर आंबा आणि सांजोरी ठेवली होती. खापरावरच्या पुरणपोळ्या जड झाल्या आणि ती ओसरीत आडवी झाली. लांबून गाणी येत होती. घरांच्या आरपार जाताना त्यांतले शब्द गळून पडत आणि नुसती चाल कानांवर येई. अर्धवट झोपेत तिला आई दिसली. ती एका चौकटीतून शिरत होती, दुसऱ्या चौकटीतून निघत होती, प्रत्येक घरात डोकावत होती, पण कुठेही थांबत नव्हती. मध्येच खोकला ऐकू आला आणि तो एकदम तुटला. कोकिळा उठून बसली. सुपडूची बाज रिकामी होती. ती बाहेर आली.

सुपडू प्रेमराजच्या दारासमोर उभा होता.

 याचे काय काम तिथे? त्याच्याही मनात काही धुमसत असेल. असले तर ते चूक होते असे कोकिळा म्हणणार नव्हती. पण पुन्हा पोलीस, पुन्हा कोर्ट तिला सोसणार नव्हते. त्याच्या हातात काही नाही ना, हे तिने आधी पाहिले. हात रिकामे होते आणि मांड्यांना लावलेले होते. मग तिला वाटले, नेहमीसारखा बंद दार बघून थांबला असेल, थोड्या वेळाने फिरेल माघारी. ती ओट्याच्या कडेपर्यंत येऊन थांबली.

तो पुष्कळ वेळ तसाच राहिला. मग त्याचा उजवा हात मांडीपासून सुटला. थोडा वर आला आणि अडला.  हात पुन्हा हलला, कडीपर्यंत गेला, बोटांनी ती आधी नुसतीच चाचपली. नंतर कडी कोयंड्यातून निघाली आणि फळीवर आपटली. त्याने दार आत लोटले आणि स्वतः बाजूला झाला.

जे एकदा पाहावे म्हणून तिने आईचे लुगडे चौकटीला अडकवले होते, ते तिच्या डोळ्यांसमोर घडले होते. आणि घडले होते कुठे, तर या दारात. तिला आनंद झाला आणि त्याच दमात रागाने अंग पेटले. साऱ्या गावात याला हेच दार सापडले? ती तरातरा समोर गेली.

"हाई काय करस तू? कोन शे तो, इसरना का?"

"इसरनू नही."

"मंग?"

"कडी बाहेरथीन शे, अक्का," सुपडू म्हणाला. "मझारना मानूस ती कसा काढी?"

आत भिंतीला टेकून एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. कोकिळाला साक्षीच्या पिंजऱ्यातला कुरळ्या केसांचा पोरगा आठवत होता. हा तो वाटत नव्हता. दाढी वाढलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. उजेड पायांवर पडताच त्याने पाय ओढून घेतले. सुपडूने आत पाहिले नाही. तो दाराकडे पाठ करून ओट्यावर बसला.

"ये, प्रेमराज," तो गल्लीकडे बघतच, जरा मोठ्याने म्हणाला. "भलता उकाडा शे मझार."

लांबचे गाणे संपले आणि दुसरे सुरू झाले. कितीतरी वेळाने प्रेमराज चौकट धरून उंबऱ्यावर आला. उन्हाने त्याचे डोळे मिटले होते. "भाऊ, मी..." एवढे त्याने म्हटले आणि खोकल्याने त्याला वाकवले. खोकला थांबेना. त्याने चौकटीला डोके टेकले.

"पानी दे, अक्का," सुपडू म्हणाला.

कोकिळा हलली नाही. मग वळली आणि घरात गेली. ताजे पाणी आईच्या घागरीतच होते. तिच्यावरचा आंबा आणि सांजोरी तिने बाजूला काढून ठेवली. तिने तांब्या भरून आणला, पण तो सुपडूपुढे धरला.

"तूच दे. मन्हा हात उठत नही."

सुपडूने दिला. प्रेमराज उभ्यानेच प्याला, घटाघटा, पाणी दाढीवरून सदऱ्यावर सांडत. तांब्या रिकामा झाला. तो परत कोणाला द्यावा हे त्याला कळेना. दोन्ही हातांनी धरून, खाली मान घालून तो तसाच उभा राहिला.

कोकिळाने बराच वेळ त्या हातांकडे पाहिले. मग आपला हात पुढे केला आणि तांब्या घेतला.

"आखो पानी देऊ?" तिने विचारले.